दोन सह्यांची पदवी

नोट आणि पदवी, दोन्ही शेवटी कागदच. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते आणि धारकाला अमुक रुपये देण्याचे वचन असते. पदवीवर कुलगुरूंची सही असते आणि वचन असते ते असे, की या मुलाला किंवा मुलीला अमुक एक विषय इतका येतो. नोटेचे वचन आपण कधी पडताळून पाहत नाही. भाजीवाली ती घेते, रिक्षावाला ती घेतो, एवढे आपल्याला पुरते. पदवीचेही तसेच. मुलाखत घेणारा कागदावरचे विद्यापीठाचे नाव वाचतो, मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. कोणीतरी, केव्हातरी त्या विद्यापीठाची नीट तपासणी केली असेल, असा विश्वास त्या मान हलवण्यामागे असतो.

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला मात्र एक खोड लागलेली असते. कागद हातात आला की मजकुराआधी त्याची नजर सहीकडे जाते. सही कोणाची? ती करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आणि उद्या हा कागद वटला नाही तर आपण कोणाच्या दारात जायचे? निवृत्त होऊन कादंबऱ्या लिहू लागलो तरी ही खोड गेली नाही. म्हणून प्रवेशाच्या मोसमात ‘संयुक्त आंतरराष्ट्रीय पदवी’ अशी जाहिरात दिसली, शेजारी शेजारी छापलेली दोन विद्यापीठांची बोधचिन्हे दिसली, की मला आनंद होण्याआधी हे तीन प्रश्न आठवतात.

कल्पना मोहक आहे यात शंका नाही. अर्धे शिक्षण इथे, अर्धे परदेशात. पोरगी पहिली दोन वर्षे डोळ्यांसमोर राहते, खर्च अर्ध्यावर येतो आणि शेवटी हाती पडणाऱ्या कागदावर दोन देशांच्या सह्या. कोणत्या आईबापांना हे नको वाटेल? पण त्या कागदासाठी घरातले काय काय पणाला लागते, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली आणि परदेशी शिक्षण मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले. या योजनेत आईवडील सहकर्जदार असतात, आणि साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते. तारण म्हणजे बहुधा राहता फ्लॅट, क्वचित गावाकडची जमीन, नाहीतर आईच्या नावच्या मुदत ठेवीच्या पावत्या. अशा फाइलीत कॉलेजचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले असे आणि फ्लॅटचा करारनामा घड्यांवर फाटलेला असे. पहिल्या कागदामागे नेमके काय आहे, हे दुसऱ्या कागदाच्या मालकाला कळले पाहिजे. हा लेख त्यासाठी.

खाते एक, सह्या किती?

बँकेत संयुक्त खाते उघडायला नवराबायको आले की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, खाते चालवायचे कसे? दोघांपैकी कोणाच्याही सहीने, की दोघांच्या सह्यांनी? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसे. आंतरराष्ट्रीय पदव्यांचेही तसेच आहे. ‘परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने’ या एका गोंडस शब्दप्रयोगाखाली तीन-चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये या सहकार्याचे नियम जाहीर केले. त्यांत तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ट्विनिंगचा. त्यात विद्यार्थी जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, परदेशात मिळवतो, पण पदवी फक्त भारतीय संस्थेची. खाते आपल्याच शाखेत, काही भरणा दुसऱ्या शाखेत केलेला. दुसरा प्रकार दुहेरी पदवीचा. दोन्ही संस्था आपापली स्वतंत्र पदवी देतात आणि किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतले असावे लागतात. हे म्हणजे दोन पासबुके. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने संयुक्त पदवीचा. अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखायचा, प्रत्येकाकडे किमान ३० टक्के श्रेयांक मिळवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र एकच, दोघांच्या नावाचे.

याशिवाय परदेशी विद्यापीठाने आपल्याकडे थेट शाखा काढण्याचा एक मार्ग आहे. नवी मुंबईसाठी जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे दिली गेली, ती या मार्गाची. तिथे पदवी त्या एकाच विद्यापीठाची असते. म्हणजे बरीवाईट जी काही जबाबदारी असेल तीही एकाचीच.

संयुक्त पदवीचा पेच वेगळा आहे. २०२२ च्या नियमांनुसार दिलेली पदवी तत्सम भारतीय पदवीच्या बरोबरीची मानली जाते. समकक्षतेचा दाखला घ्यायला वेगळ्या दारात जावे लागत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय. पण शेवटच्या दारावरचा पहारेकरी हटवला, तर पहिल्या दारावरचा जागा असला पाहिजे. तो कोण? आणि त्याने तपासायचे तरी काय?

मास्तर तिघे, निरीक्षक चौघे

या प्रश्नाशी सगळ्यांत जास्त झटापट केली ती युरोपने. जून १९९९ मध्ये २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी बोलोन्या शहरात एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. गाव निवडले तेही नेमके. तिथले विद्यापीठ परंपरेने १०८८ सालचे मानले जाते. विद्यार्थ्याने एका देशात शिकायला सुरुवात करावी, दुसऱ्यात पुढे जावे आणि त्याच्या शिक्षणाची किंमत सीमेवर कमी होऊ नये, असा हेतू. २००४ मध्ये ‘इरॅस्मस मुंडस’ योजना सुरू झाली. दोन वर्षांची मास्टर्स पदवी, निरनिराळ्या देशांतली विद्यापीठे मिळून चालवणारी, आणि गुणवंतांना भरघोस शिष्यवृत्ती. या शिष्यवृत्त्या सर्वाधिक संख्येने मिळवणाऱ्यांत भारतीय मुले गेली काही वर्षे आघाडीवर आहेत, म्हणून आपल्याही घरांत हे नाव आता परिचयाचे झाले आहे.

कागदावर सोपे वाटणारे हे प्रकरण प्रत्यक्षात किती किचकट, त्याची चुणूक नुसत्या गुणांतच दिसते. इटलीत विषयाचे गुण तीसपैकी, आणि अठराला पास. फ्रान्समध्ये वीसपैकी, दहाला पास, आणि सोळा मिळाले की घरी पेढे. जर्मनीत सगळे उलटे. तिथे एक म्हणजे सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास. एकाच मुलीने पहिले सत्र इटलीत, दुसरे फ्रान्समध्ये आणि तिसरे जर्मनीत केले, तर तिच्या गुणपत्रिकेत तीस, सोळा आणि एक असे आकडे येतील आणि तिन्ही ठिकाणी ती हुशारच ठरेल. नागपूरच्या आजीला मात्र हा ‘एक’ समजावून सांगायला फोनवर अर्धा तास लागेल.

श्रेयांकांचाही विनिमय दर असतो. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे साधारण २५ ते ३० तासांचे काम. ब्रिटनमध्ये वर्षाला १२०, म्हणजे त्यांचे दोन बरोबर युरोपचा एक. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक. परकीय चलनाच्या खिडकीवर रोज सकाळी दरांचा फलक लागतो. ग्राहक तो वाचून व्यवहार करतो. इथे तो फलक करारनाम्याच्या एखाद्या परिशिष्टात दडलेला असतो.

पण खरी अडचण याहून खोल होती. प्रत्येक देशाची गुणवत्ता तपासणारी स्वतंत्र यंत्रणा, प्रत्येकीचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या. चार देशांतल्या चार विद्यापीठांनी मिळून एक पदवी काढली की चारही निरीक्षक दारात हजर. एकाचे म्हणणे प्रबंधाला तीस श्रेयांक हवेत, दुसऱ्याचे वेगळेच. काही देशांच्या कायद्यात दुसऱ्या विद्यापीठाबरोबर एका कागदावर सही करण्याची तरतूदच नव्हती. मग संयुक्त पदवीच्या नावाखाली विद्यार्थ्याच्या हातात दोन-तीन वेगवेगळे कागद पडत. आणि गंमत अशी की, चार-चार तपासण्या होऊनही संपूर्ण अभ्यासक्रम कोणीच पाहत नसे. प्रत्येक जण आपल्या देशातला तुकडा पाहून जाई.

हे वाचताना मला बँकांच्या कन्सॉर्शियमची आठवण झाली. मोठ्या कारखान्याला एकटी बँक कर्ज देत नाही. सात-आठ बँका मिळून देतात. एक बँक पुढारी असते, ती प्रकल्पाचा अभ्यास करते आणि बाकीच्या आपापल्या हिश्श्यावर सही करतात. कागदपत्रे प्रत्येकीकडे चोख असतात. पण पुढारी बँकेने पाहिले असेल असे बाकीच्यांना वाटते, इतक्या जणींनी सह्या केल्या म्हणजे ठीकच असेल असे पुढारी बँकेला वाटते, आणि गोदामातला माल मोजायला कोणी जात नाही. भागीचे घोडे किवणाने मेले, ही आपल्याकडची म्हण काही उगीच पडलेली नाही.

युरोपने यावर उपाय शोधला तो मे २०१५ मध्ये. येरेव्हान इथे भरलेल्या मंत्रिपरिषदेने संयुक्त अभ्यासक्रमांसाठी एकच सामाईक तपासणी-पद्धत मान्य केली. चार तपासण्यांऐवजी एक, पण ती सगळ्या अभ्यासक्रमाची. ती करणारी संस्था युरोपीय नोंदवहीतली हवी. ही नोंदवही २००८ मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झाली. तपासनीसांची तपासणी करणारी ती वही, असे म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे ऑडिटरचेही एक मंजूर पॅनेल असते, तसेच हे. आधी सगळ्या विद्यापीठांनी मिळून एकच आत्मपरीक्षण-अहवाल लिहायचा. मग किमान चार जणांची समिती येणार. त्यांत सहभागी देशांपैकी निदान दोन देशांतले लोक हवेत, विषयाचे जाणकार हवेत, त्या क्षेत्रातल्या नोकरी-व्यवसायाची माहिती असलेले हवेत, आणि एक विद्यार्थी हवाच. समितीचा अहवाल प्रसिद्ध करायचा. मान्यता सहा वर्षांपुरती.

यातली दोन कलमे मला फार आवडली. एक म्हणजे समितीत विद्यार्थी. शाखेची तपासणी करायला येणाऱ्या साहेबांबरोबर एखादा खातेदारही बसवला असता तर कितीतरी गोष्टी आधी बाहेर आल्या असत्या! दुसरे कलम अहवाल प्रसिद्ध करण्याचे. मुंबईच्या बापाला घरबसल्या वाचता येईल असा अहवाल असला, म्हणजे माहितीपत्रकाची मक्तेदारी संपते.

अर्थात या पद्धतीतही एक फट आहे. समिती साधारणपणे एकाच ठिकाणी भेट देते. बाकीच्या ठिकाणांचे लोक तिथे येऊन भेटतात आणि तिथल्या सोयींचा विचार कागदपत्रांवरून होतो. ज्या शाखेत साहेब येणार नाहीत, त्या शाखेतली धूळ कशी असते ते मला माहीत आहे. शिवाय दहा वर्षे उलटली तरी सगळ्या देशांनी आपल्या कायद्यांत या पद्धतीला जागा करून दिलेली नाही. मंत्री सही करून घरी जातात, कायदा बदलायला संसद लागते.

तरीही मूळ तत्त्व मोलाचे आहे. दोन नामवंत विद्यापीठे एकत्र आली म्हणून त्यांचा संयुक्त अभ्यासक्रम आपोआप चांगला होत नाही. दोन्ही घराणी घरंदाज असली म्हणून संसार सुखाचा होतोच असे नाही, हे आपल्याला लग्नांच्या बाबतीत चांगले ठाऊक असते. म्हणून तपासायचा तो संसार, म्हणजे प्रत्यक्ष अभ्यासक्रम. इथले दुसरे वर्ष तिथल्या तिसऱ्या वर्षाला जोडले जाते का? इथे नापास झालेल्याचे तिथे काय होते? तक्रार करायची तर कोणाकडे?

उसने दिलेले नाव

तपासणी ढिली पडली की काय होते, याचा धडा वेल्समध्ये मिळाला. वेल्स विद्यापीठ १८९३ चे, अतिशय मानाचे. पुढे त्याने बाहेरच्या संस्थांचे अभ्यासक्रम मान्य करून त्यांच्या विद्यार्थ्यांना आपली पदवी देण्याचा मार्ग धरला आणि तो देशोदेशी इतका पसरला, की अशा संस्थांची संख्या शंभरावर गेली. शिकवणारे दुसरेच, सही मात्र वेल्सची. २०१० मध्ये बीबीसी वेल्सने दाखवून दिले की मलेशियातल्या अशा एका संस्थेचा प्रमुख स्वतःच बोगस पदव्या मिरवत होता. पाठोपाठ आणखी प्रकरणे बाहेर आली, ब्रिटनच्या गुणवत्ता-यंत्रणेने ताशेरे ओढले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यापीठाने हा सगळा व्यवहार बंद करण्याचा निर्णय घेतला. शतकाहून जास्त काळ जमवलेली पत दोन वर्षांत गेली.

बँकेत याला आम्ही कोरी सही म्हणायचो. मॅनेजर रजेवर जाताना सोयीसाठी चार कोऱ्या कागदांवर सही करून जातो, आणि परत येतो तेव्हा त्या कागदांवर काय लिहिले गेले ते त्याला दुसऱ्याकडून कळते. वेल्सच्या प्रकरणात जी हजारो मुले प्रामाणिकपणे शिकली, त्यांचा दोष काय? पण त्यांचाही कागद पाहताना आता समोरचा माणूस मान हलवण्याआधी क्षणभर थांबणार. तो क्षण ही त्या मुलांना झालेली शिक्षा.

नाव आणि सही यांतला फरक दाखवणारे सिंगापूरचे उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेचे येल विद्यापीठ आणि सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ यांनी २०११ मध्ये मिळून एक महाविद्यालय स्थापन केले. दोघांचे नाव, उत्तम प्राध्यापक, उत्तम विद्यार्थी. दर्जाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण पदवी दिली जाई ती सिंगापूरच्या विद्यापीठाची, येलची नव्हे. हे त्यांनी लपवलेही नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंगापूरने ही भागीदारी संपवण्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. चांगल्या हेतूची, चांगली चाललेली भागीदारीसुद्धा मोडू शकते. तिथे असलेल्या मुलांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत महाविद्यालय चालू ठेवले, ही त्यांची सचोटी. आपल्या करारात अशी तरतूद आहे का, हे पाहणे ही आपली जबाबदारी.

आपल्या अंगणात

शिकवणारा एक आणि सही करणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. १८६२ मध्ये पहिले बी. ए. झालेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते, त्यामुळे सुरुवात तर झकास झाली. परदेशी पदवीचे देशात काय करायचे, हाही प्रश्न जुनाच. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर दरबाराने त्यांना आपल्या रुग्णालयात नेमणूक दिली. त्या काळी समकक्षतेची समिती नव्हती. एका संस्थानाने कागदावर विश्वास ठेवला, एवढेच.

आज विश्वास नियमांतून ठेवावा लागतो. पूर्वी परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे काम भारतीय विद्यापीठ महासंघ करीत असे. एप्रिल २०२५ मध्ये अनुदान आयोगाने त्यासाठी स्वतंत्र नियम आणले. फ्रँचायझी पद्धतीने मिळवलेल्या पदव्या त्यांत मान्य नाहीत, आणि वैद्यक, कायदा, वास्तुरचना अशा व्यवसायांच्या पदव्या त्या त्या परिषदेच्या अखत्यारीत राहतात. देशादेशांतले करारही झाले. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स पदवी आपल्याकडे अडून राहत असे. जुलै २०२२ मधल्या करारानंतर ती वाट मोकळी झाली. पण त्या करारातूनही व्यावसायिक पदव्या वगळलेल्या आहेत. परदेशातून पदवी घेऊन आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

संयुक्त पदवी नीट चालते याचेही उदाहरण घराजवळच आहे. पवईची आयआयटी आणि ऑस्ट्रेलियातले मोनाश विद्यापीठ यांची संयुक्त संशोधन अकादमी २००८ पासून चालू आहे. विद्यार्थी पवईत काम करतो, काही काळ मोनाशला जातो, मार्गदर्शक दोन्हीकडचे असतात आणि पीएच. डी. दोन्ही संस्थांची मिळून. हे जमले याचे एक कारण मला असे वाटते की, पीएच. डी.त तपासायची वस्तू एकच असते. प्रबंध समोर असतो, तो बाहेरचे परीक्षक वाचतात, आणि दोन मार्गदर्शकांना एकमेकांच्या कामाकडे रोज पाहावे लागते. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या पदवीत तीस-चाळीस विषय, दोन वेळापत्रके, दोन परीक्षा-पद्धती आणि शेकडो विद्यार्थी असतात. तिथे अशी नजर आपोआप राहत नाही. मुद्दाम ठेवावी लागते.

आणि इथेच आपल्या नियमांत मला एक पोकळी दिसते. संयुक्त पदवी देण्यासाठी भारतीय संस्थेकडे काय हवे? तर ‘नॅक’च्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात पहिल्या शंभरात जागा, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा. परदेशी संस्थेचे जागतिक क्रमवारीतले स्थान पाहिले जाते. म्हणजे दोन्ही घराण्यांची चौकशी होते. संसाराची चौकशी कोण करणार, याचे उत्तर तितके स्पष्ट नाही. क्रमवारी ही गुणवत्ता यादीसारखी असते. कोण कोणाच्या पुढे, एवढेच ती सांगते, आणि त्यात संशोधनाला व नावलौकिकाला मोठे वजन असते. एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उत्तम संशोधन होते म्हणून आपल्या मुलाच्या वर्गावर कोण शिकवायला येईल, ते कळत नाही. बँकेचा शेअर वधारलेला असला म्हणून गल्लीतल्या शाखेचे हिशेब जुळलेले असतीलच, असे थोडेच आहे?

‘नॅक’ १९९४ साली बंगळुरूत स्थापन झाली. तिच्यामुळे विद्यापीठांना स्वतःकडे आरशात पाहण्याची सवय लागली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तिच्याच एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह अनेकांना सीबीआयने अटक केली. आरोपांचा निकाल न्यायालय लावील. पालकांनी एवढेच लक्षात घ्यायचे की, श्रेणीचा शिक्का हा चौकशीचा आरंभ आहे. शिक्का पाहून चौकशी थांबवू नये.

माझी सूचना साधी आहे. संयुक्त पदवीचा प्रत्येक अभ्यासक्रम पहिली तुकडी बाहेर पडण्याआधी एकदा तरी स्वतंत्रपणे, संपूर्ण, दोन्ही देशांतल्या जाणकारांनी आणि एका विद्यार्थ्याने तपासावा, आणि तो अहवाल जाहीर करावा. युरोपची नक्कल करायची गरज नाही. पण त्यांनी अनुभवातून जे शिकून घेतले ते आपण नुकसान सोसून पुन्हा कशाला शिकायचे?

सही करण्यापूर्वी

तोवर घरच्या घरी काय करता येईल? मी शाखेत असताना परदेशी शिक्षणाची फाइल घेऊन येणाऱ्यांना काही प्रश्न लिहून द्यायचो. थोडी भर घालून तेच इथे देतो.

पहिला प्रश्न: शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा नमुना दाखवाल का? त्यावर कोणाकोणाच्या सह्या असतील? एका कारकुनाच्या मुलाच्या बाबतीत एवढ्या एका प्रश्नाने काम झाले होते. माहितीपत्रकावर परदेशी विद्यापीठाचे नाव ठळक होते. नमुना मागितल्यावर पंधरा दिवस टोलवाटोलवी झाली आणि शेवटी कळले की परदेशी विद्यापीठ देणार ते फक्त हजेरीचे प्रशस्तिपत्र. वडिलांनी अर्ज मागे घेतला. मुलगा पुढे इथल्याच सरकारी कॉलेजात शिकला.

दुसरा प्रश्न: हे सहकार्य २०२२ च्या नियमांखालचे आहे का, आणि तसे लेखी द्याल का? ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना ते नियम लागू नाहीत, आणि फ्रँचायझीला त्यांत मनाई आहे. घरबसल्या परदेशी पदवी देऊ करणाऱ्या कंपन्यांबाबत आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशाराही दिला होता.

तिसरा प्रश्न: मुलाला मध्येच परत यावे लागले तर? व्हिसा नाकारला, घरी आजारपण आले, रुपया घसरला आणि पैसे पुरले नाहीत, तर आतापर्यंतचे श्रेयांक कुठे जमा होतील? नियमांनुसार बाहेर पडण्याची वाट आणि श्रेयांकांची स्पष्टता आधीच द्यायला हवी. ती संस्थेच्या शिक्क्यासह मागावी.

चौथा प्रश्न: पुढे ज्या देशात, ज्या व्यवसायात जायचे, तिथे ही पदवी चालते का? चालेल असे संस्थेने सांगून भागत नाही. वकिली करायची तर वकिलांच्या परिषदेला विचारायचे, दवाखाना काढायचा तर वैद्यकाच्या. धनको कोण हे ठरल्याशिवाय तारणाची किंमत कळत नाही.

पाचवा प्रश्न: मागच्या तुकडीतल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? यावर समोरच्या माणसाचा चेहरा पाहावा. बाकी सगळी उत्तरे छापील मिळतात.

हे विचारताना पुष्कळ पालक संकोचतात. आपले इंग्रजी कच्चे, समोर टाय लावलेला समुपदेशक, आणि ‘जागा थोड्याच उरल्या आहेत’ अशी घाई. मला त्यांना एवढेच सांगायचे आहे की, तुमच्या कर्जाच्या अर्जावर बँक सही करते तेव्हा ती तुमचा पगार विचारते, देणी विचारते, घराचा नकाशा आणि सात-बारा मागते, जामीनदार कोण आणि त्याचा पत्ता काय तेही विचारते. कोणी त्याला उद्धटपणा म्हणत नाही. घर तारण ठेवणाऱ्याने विद्यापीठाला पाच प्रश्न विचारले, तर तो त्याचा हक्कच आहे. जी संस्था उभी आहे असे म्हणते, ती उत्तर देईल. जी उत्तर देत नाही, तिला आपली सही देऊ नये.